नाक्यावरचा पाळणा

दोन धडधाकट माणसांना एक पाळणा उचलताना गुडघे का वाकवावे लागले, हा प्रश्न साल्किनला ओढ्यावरच्या पुलाशी सुचला आणि ती चालता चालता थांबली.

पाळणा हलका असतो. गावचा सुतार, ओरमोन उस्ता, वाळुंजाच्या लाकडाचे पाळणे करतो. खाली दोन वाकड्या पट्ट्या, वर धरायला दांडा. चार दिवसांपूर्वी तिच्या सासूने, कालिचा एनेंनी, तोच पाळणा एका हाताने उचलून अंगणात उन्हाला ठेवला होता, आणि एने काही पैलवान नव्हत्या. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांवर लोकरीच्या पट्ट्या बांधून फिरणारी बाई ती.

आज सकाळी मात्र उस्ताच्या दोन माणसांनी श्वास रोखून तो गाडीत चढवला. गाडीचा मागचा भाग खाली बसला. अंगणात जमलेल्या बायका गाणी म्हणत होत्या, पाळण्यावरच्या लाल मखमलीवर मूठमूठ पीठ उधळत होत्या. सगळ्यांचे डोळे मखमलीवर होते. साल्किन गोठ्याच्या दारात उभी होती. मूल नसलेली बाई पाळण्याजवळ जात नाही. हे तिला कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. या गावात नांदायला आल्यापासून तिचं तीच शिकली होती. गोठ्याच्या दारातून मखमल नीट दिसत नव्हती. दिसत होते ते माणसांचे गुडघे.

पाळणा तिच्या नणंदेसाठी, मीरिमसाठी चालला होता. मीरिमला शहरात पहिलं मूल झालं होतं, आणि पहिल्या मुलाचा पाळणा आईच्या माहेरून जावा लागतो. आजीने गाद्या घालायच्या, आजीने मखमल बांधायची, आजीने नेऊन पोचवायचा, आणि बाळाच्या घरी पोचेपर्यंत तो कोणी उघडायचा नाही. एनेंनी गाद्या घातल्याही होत्या. पण काल उस्ता आला, म्हणाला एक पाय डुगडुगतोय, ठोकून देतो, आणि पाळणा घेऊन गेला. सकाळी आणला तो बांधूनच. एने कुरकुरल्या. त्यावर उस्ता म्हणाला की माझ्या आईने स्वतःच्या हाताने बांधलाय, अकरा पोरांची आई आहे ती. त्यापुढे कोण काय बोलणार?

साल्किन पुलावरून नाक्याकडे, कामावर निघाली ती जवळजवळ पळतच. गाडी उतारावरून यायला फार वेळ लागणार नव्हता. उस्ताकडे चहा झाला की ते निघणार होते.

नाका म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि रस्त्यावर आडवा दांडा. अक्रोडाच्या जंगलातून खाली जाणारा रस्ता हा एवढाच. साल्किन बिश्केकला वनस्पतिशास्त्र शिकली होती, आणि लाकूड बघून झाड सांगणारी म्हणून वनखात्याने तिला इथे नेमलं होतं. दांडा उचलायचं काम जोल्दोश आकांचं. ते शेगडीवर चहा ठेवून बसले होते. गावातल्या सगळ्या सुनांसारखं तिलाही ते केलिन, म्हणजे सूनबाई, म्हणत.

"काय केलिन, पळत आलीस? सासूनं हाकलून दिलं की काय?"

"आका, या हंगामात खाली पाळणे बरेच गेले ना?"

"गेले. जाणारच. नवरे रशियातून जानेवारीत येतात, ऑक्टोबरात पाळणे जातात. तू शास्त्र शिकलीस, तुला मी काय सांगू." ते हसले. मग आपण कोणाशी बोलतोय हे त्यांच्या ध्यानात आलं. साल्किनचा नवरा तालाई सहा वर्षं रशियात जाऊन येऊन होता. आका चहा ढवळायला लागले. चहात साखर नव्हती, तरी ढवळत राहिले.

"सगळे ओरमोन उस्ताच्याच गाडीतून गेले?"

"मग कोणाच्या? पाळणा त्याचा, गाडी त्याची. आणि पाळण्याचं भाडं घेत नाही तो. भला माणूस आहे."

"आपण त्यातला एकही उघडला नाही."

आकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने कबर उघडायची गोष्ट काढली. "पाळणा कोण उघडतं? बटाट्याच्या पोत्यात सळई खुपस, गवताच्या गाडीत खुपस, माझ्या म्हातारीच्या उशीत खुपस हवी तर. पाळण्यात नाही."

ते खरंच होतं. तिनेही कधी उघडला नव्हता. मखमलीने झाकलेल्या पाळण्याची गाडी दिसली, की दांडा उचलायला आकांना खूण करून ती आत जायची, खिडकीकडे पाठ करून उभी राहायची. आपली सावलीसुद्धा पाळण्यावर नको. आणि ती पाठ करून उभी असताना खाली काय काय गेलं असेल, ते आता तिला दिसत होतं.

कायदा साधा होता, आणि तो तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता. जिवंत अक्रोड तोडायचा नाही. त्याच्या बुंध्यावर येणारं आवाळू कापायचं नाही. कुठून आलं हे दाखवता येत नाही असं अक्रोडाचं लाकूड रस्त्यावर आणायचं नाही. आणणारा, विकणारा, घेणारा, सगळे गुन्हेगार. चोरांचा सगळा जीव अडकलेला असायचा त्या आवाळवांत. वरून ओबडधोबड, पण कापलं की आत धुरासारख्या वळणांची नक्षी. दूर देशात त्याच्या पातळ चकत्या करून महागड्या मोटारींत लावतात, बंदुकींचे दस्ते करतात. तिथल्या घेणाऱ्यांनाही आता लाकूड कुठून आलं ते विचारावं लागतं म्हणे. विचारत असतील. उत्तर देणाराही कोणीतरी वाटेत भेटत असेल.

आणि कायद्यात आणखी एक कलम होतं. त्यानेच साल्किनचं जेवण गोड लागेनासं केलं होतं. ज्या घराकडे जंगलाचा वाटा खंडाने आहे, त्या घराने तो राखायचा. वाट्यातलं झाड कापलेलं सापडलं आणि चोर सापडला नाही, तर वाटा जातो.

सप्टेंबरच्या शेवटी गाव जंगलात राहायला गेलं होतं, दर वर्षीसारखं. एने तंबूपाशी अक्रोड सोलत होत्या, साल्किन ओढ्याकडच्या उतारावर पडलेले अक्रोड गोळा करत होती. तिथे त्यांच्या वाट्यातलं सगळ्यात जुनं झाड आहे. त्याच्या बुडाशी पाचोळा फार नीटनेटका पसरलेला होता. पाचोळा असा पडत नाही. तिने तो बाजूला केला. खाली ताजी माती, मातीखाली करवतीने कापलेलं ओलसर भगदाड. आवाळू मुळासकट काढून नेलं होतं. वर पानं हिरवीगार होती. झाडाला अजून कळलंच नव्हतं. दोनतीन वर्षं उभं राहून ते वाळणार होतं. जवळच्या आणखी दोन झाडांची तीच गत.

तिने कापलेल्या तोंडांचे जवळून फोटो काढले. लाकडावरच्या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या असतात. अर्धं झाडात राहिलं आणि अर्धं कुठे सापडलं, तर दोन्ही जुळवता येतं. मग तिने माती होती तशी लोटली, पाचोळा होता तसा पसरला आणि तंबूत जाऊन एनेंसाठी चहा केला. सांगितलं नाही. एनेंना सांगितलं असतं तर त्या ओरडत गावभर गेल्या असत्या. खात्याला सांगितलं असतं तर वाटा गेला असता, आणि वाट्यावरच तर घर चालत होतं. माल रस्त्यावर पकडायचा, मग बोलायचं, असं तिने ठरवलं. महिनाभर ती प्रत्येक गाडी उलटीपालटी करत राहिली. ड्रायव्हर तिला शिव्या घालायला लागले होते.

आता माल येत होता. तिच्या सासूच्या मांडीला मांडी लावून.

नाक्याने शोधून काढला, तर ज्याचं सामान तो गुन्हेगार. पाळणा एनेंचा, निघाला एनेंच्या अंगणातून, लाकूड बहुधा एनेंच्याच वाट्यातलं, आणि नाक्यावर एनेंची सून. उस्ताला तोंडही उघडावं लागलं नसतं. पण आणणाऱ्याने तपासणीआधी आपण होऊन दाखवलं, तर तो साक्षीदार ठरतो. तपासायचा आहे हे शब्द साल्किनच्या तोंडून निघाले, की तपासणी सुरू झाली. मग एनेंनी काहीही दाखवलं तरी उपयोग नाही.

तिने फोन लावला. उचलला उस्ताने.

"बोल केलिन. एने मागे बसल्यात, गाणं रंगात आलंय. फोन इथे पुढेच ठेवलाय त्यांनी."

"जरा देता का त्यांना?"

"एवढं काय अडलंय? आलोच आम्ही, ओढा ओलांडला. तोंडानंच बोल." आणि फोन बंद झाला.

ती खोलीत आली, बाहेर गेली, पुन्हा आत आली. "बस ना जरा," आका म्हणाले, "शेगडीभोवती मांजर फिरल्यासारखी काय फिरतेस?" तिने सळई हातात घेतली, भिंतीला टेकवून ठेवली, पुन्हा घेतली.

गाडीचा भोंगा वळणापलीकडूनच ऐकू आला. पाळण्याची गाडी असा भोंगा वाजवत येते, म्हणजे वाटेतल्यांनी वाट द्यावी. आकांचा हात सवयीने दोरीकडे गेला.

"आका, दांडा नका उचलू."

"अगं, तुझ्याच सासूची—"

"नका उचलू."

तिने सळई भिंतीलाच राहू दिली आणि रिकाम्या हाताने गाडीपाशी गेली. उस्ताने काच खाली केली. पांढरी कालपाक टोपी, दाढी नीट कातरलेली, सणासुदीचा चेहरा. मागे शेजारच्या दोन म्हाताऱ्या आणि मधे एने, मखमलीवर हात ठेवून.

"सासूलाच अडवतेस होय?" उस्ता हसला. "बघ बाई, शोध. फार तर तीन म्हाताऱ्या सापडतील, त्याही वाळलेल्या. वाळलेल्यांना तुझा कायदा लागत नाही ना?"

म्हाताऱ्या खिदळल्या. साल्किनने मागचं दार सरकवलं.

"एने," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला परका वाटला, "मला पाळण्याला हात लावायचाय."

हसणं थांबलं.

"काय म्हणालीस?" एनेंनी विचारलं.

"गादीखाली हात घालून बघायचंय. मऊ आहे का ते. मीरिमच्या बाळासाठी."

एक म्हातारी तोबा तोबा पुटपुटली. दुसरीने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला. उस्ताने मान गर्रकन मागे वळवली.

"डोकं फिरलं का तुझं? स्वतःची कूस रिकामी, आणि दुसऱ्याच्या पाळण्यात हात घालतेस? एने, दार लावा. जोल्दोश, दांडा वर घे."

हे एनेंनी तिला कधी म्हटलं नव्हतं. रागातसुद्धा नाही. एनेंनी आधी उस्ताकडे पाहिलं, मग सुनेकडे. साल्किनने हात पुढे केला. मखमलीपर्यंत पोचायच्या आतच एनेंनी त्या हातावर फटका मारला. चांगला सणसणीत.

"मागे हो."

"होते. मग तुम्ही उघडा. तुमच्या हातानं. मी लांब जाऊन उभी राहते."

ती खरंच मागे झाली, पार दांड्यापर्यंत. आता तिच्या हातात काही उरलं नव्हतं. उस्ताने गाडी सुरू केली. दांडा आडवा होता, तरी त्याने सुरू केली. एने मखमलीच्या गाठीकडे बघत बसल्या होत्या.

"ही गाठ मी मारलेली नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्या आईनं मारलीय, सांगितलं ना सकाळी."

"तुझ्या आईचा उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून उचलत नाही, ओरमोन. मागच्या जुम्म्याला चहाची वाटी मी लावली तिच्या तोंडाला." एनेंनी गाठीत नखं घातली. "ही दोन हातांची गाठ आहे. आणि बाईनं मारलेलीही नाही. बैल बांधायचा असल्यासारखी आवळलीय."

गाठ सुटायला वेळ लागला. एनेंनी मखमल बाजूला केली, एक गादी उचलली, दुसरी उचलली. मग त्यांचे हात थांबले. साल्किनला दांड्यापासून काही दिसलं नाही. पण वारा तिच्याकडे होता आणि ताज्या कापलेल्या अक्रोडाचा कडवट, शाईसारखा वास तिला आला. तिने ओठ दाबून धरले. आता एक शब्द बोलली असती तरी सगळं वाया गेलं असतं.

आका गाडीजवळ जाऊन आत डोकावले आणि त्यांनी टोपी काढली, का ते त्यांनाही ठाऊक नसावं.

उस्ताने गाडी बंद केली. त्याचा आवाज एकदम मवाळ झाला. "एने, ऐका. हे तुमच्याच वाट्यातलं आहे. पाळणा तुमच्या अंगणातून निघालाय, सून नाक्यावर बसते. मी बापडा गाडी हाकतो. लोक काय म्हणतील ते बघा. झाका ते, आणि चला. बाळ वाट बघतंय. जोल्दोशही घरचाच आहे."

आका दोरीपाशी गेले नाहीत. साल्किनने दांडा दोन्ही हातांनी धरला होता. एनेंनी झाकलं असतं तर? तर मग तिला ते शब्द उच्चारावे लागले असते, आणि गुन्हेगार म्हणून पहिलं नाव लागलं असतं तिच्या सासूचं. उच्चारले असते का तिने?

"ओरमोन," एने म्हणाल्या, "हे आमच्या वाट्यातलं आहे हे तुला रे कसं कळलं? मला तर नुसतं लाकूड दिसतंय."

उस्ताचा हात पुन्हा किल्लीकडे गेला.

एने गाडीतून उतरल्या, आधी एक पाय, मग दुसरा, दाराला धरून. "जोल्दोश, नीट ऐक. हे माझं नाही. कोणी ठेवलं ते मला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक झालंय. मी आपण होऊन दाखवतेय. या दोघी ऐकतायत. लिही काय लिहायचं ते."

त्यानंतरचं सगळं काम आकांनी केलं. गाडीची किल्ली काढून घेतली, उस्ताला खोलीत बसवलं, जिल्ह्याच्या ठिकाणी कळवलं. उस्ता शेगडीकडे बघत बसून राहिला. चहा दिला तो त्याने घेतला. आवाळवाच्या दोन फाळी होत्या, काळसर, दमट. बाहेर काढताना आकांनीही गुडघे वाकवले. कडेच्या रेषांकडे साल्किनची नजर गेलीच, पण तिने हात लावला नाही. वाटा तिच्या घरचा. जुळवणी दुसऱ्या कोणीतरी करायला हवी होती. जुळली तर वाटा राहण्यासारखा होता. उस्ताची माणसं वरपर्यंत होती, हेही खरं होतं.

एने नाक्याच्या पायरीवर बसल्या होत्या. साल्किन जाऊन समोर उभी राहिली.

"आपल्या वाट्यातलं तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"झाडं झोडत होतो तेव्हापासून. फोटो काढून ठेवलेत. वाटा जाईल म्हणून मी—"

"महिनाभर माझ्या समोर बसून जेवलीस."

साल्किनने पायरीवरचा पाचोळा पायाने बाजूला केला.

"वाटा माझ्या नवऱ्यानं घेतलेला आहे. त्याचं काय झालं ते मला आधी कळायला हवं होतं. तुझ्या फोटोंना नाही." एनेंनी गुडघ्यावरची पट्टी सोडली, पुन्हा बांधली. "आणि ते हात लावायचाय म्हणालीस, ते?"

"तसं म्हटल्याशिवाय तुम्ही उघडला नसता."

"नसता," एने म्हणाल्या. "तो काय बोलला तुला, ते सगळ्यांनी ऐकलं. तू बोलायला लावलंस त्याला."

"हो."

शहराकडे जाणारी पावाची गाडी तेवढ्यात येऊन थांबली. ड्रायव्हर ओळखीचा होता. म्हाताऱ्यांना आणि पाळण्याला न्यायला तो तयार झाला. दोघी म्हाताऱ्या कुजबुजू लागल्या, असा रस्त्यात उघडलेला पाळणा न्यावा का, चांगलं का ते. "बाळाला गादी हवी, तुमची कुजबुज नको," एने म्हणाल्या. त्यांनी गाद्या झटकल्या, पुन्हा घातल्या, मखमल बांधली आणि पाळणा स्वतःच उचलला. आता तो हलका होता. गाडी उंच होती, त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. साल्किन एक पाऊल पुढे आली आणि थांबली. एनेंनी तिला बोलावलं नाही. ड्रायव्हरने खालून हात दिला.

साल्किनने दांडा उचलला. गाडी शेजारून जाताना एनेंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वासराला संध्याकाळी मोकळं सोडू नकोस, सगळं दूध पितं. मी परवा येईन. फाटक आतून लावू नकोस."

गाडी वळणाआड गेली. हे सुनेला सांगितलं, की नुसतंच घर राखणाऱ्या कोणाला, ते साल्किनला ठरवता येईना. ती दोरी धरून तशीच उभी राहिली, तेव्हा मागे बटाट्याचा ट्रक येऊन जोरजोरात भोंगा वाजवू लागला, आणि तिने दांडा खाली सोडला.